रमाबाईंची पत्रं न वाचता चाललेलं भांडण

५ एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. त्या निमित्ताने आमच्या वाचनकट्ट्यावर एक संध्याकाळ त्यांच्यावर करूया असं मी सुचवलं आणि पाच मिनिटांत वातावरण तापलं. एक ज्येष्ठ काका सरळच म्हणाले, ज्या बाईने स्वतःचा धर्म सोडला आणि दुसऱ्यांच्या मुलींनाही सोडायला लावला तिचा उदोउदो आपण का करायचा? त्यावर आमच्यातल्या एक ताई म्हणाल्या, अहो काका, धर्म ही ज्याची त्याची खाजगी गोष्ट, ती बाजूला ठेवा ना, विधवांसाठी केवढं काम केलंय ते बघा. काका म्हणाले बाजूला कसं ठेवणार, ताई म्हणाल्या ठेवायलाच पाहिजे, आणि पुढचा अर्धा तास हेच. शेवटी वाद नको म्हणून विषयच बदलला. मी त्या दिवशी गप्प बसले, कारण मला दोघांचंही पटत नव्हतं आणि का पटत नाही ते धड सांगता येत नव्हतं. घरी येऊन पुस्तकं काढली, रमाबाईंची पत्रं परत वाचली, आणि आता लिहिते आहे.

माझं म्हणणं असं. धर्मांतर म्हणजेच रमाबाई असं मानणारे आणि धर्मांतर वजा करून रमाबाई बघा म्हणणारे, दोघेही त्या बाईच्या डोक्यात काय चाललं होतं तिकडे बघतच नाहीत. धर्मांतर वजा केलंत तर हाताला काही लागत नाही, कारण तो निर्णय स्त्रियांच्या प्रश्नातूनच निघाला होता. आणि धर्मांतरापाशीच थांबलात तर त्यानंतर त्यांनी इंग्लंडात असताना बिशपांशी आणि मिशनच्या सिस्टरांशी जे भांडण मांडलं ते दिसतच नाही, आणि माझ्या मते त्यांच्या विचाराचा खरा गाभा त्या भांडणात आहे. माझ्यासाठी काय खरं हे ठरवायचा अधिकार कुणाचा, हा एकच प्रश्न त्यांनी जन्मभर विचारला. आधी शास्त्र्यांना, मग बिशपांना, मग पुण्यातल्या सुधारकांना, आणि सरकारलासुद्धा. तो प्रश्न त्यांनी स्वतःच्या संस्थेतल्या मुलींच्या बाबतीत कितपत पाळला हा अवघड मुद्दा आहे, त्याच्याकडे येतेच.

हा प्रश्न त्यांना कुठल्या मिशनऱ्याने शिकवलेला नाही, तो त्यांच्या घरातून आला. जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या रानात गंगामूळला, म्हणजे आजच्या कर्नाटकात. वडील अनंतशास्त्री डोंगरे तरुणपणी पुण्यात शिकत होते, त्यांचे गुरुजी पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवायचे, ते बघून यांच्या मनाने घेतलं की आपणही आपल्या बायकोला शिकवायचं. घरच्यांना रुचलं नाही, जातीतल्यांना तर नाहीच नाही. उडुपीला धर्मसभेपुढे उभं राहून शास्त्रातलेच दाखले देत त्यांना सिद्ध करावं लागलं की बाईला संस्कृत शिकवणं हा अधर्म नाही. म्हणजे रमाबाईंच्या जन्माआधीच या घरात बाईच्या शिक्षणाचा खटला चालून गेला होता. आई लक्ष्मीबाई लेकीला पहाटे अंधारात उठवून शिकवायच्या. भागवताचे श्लोकच्या श्लोक पाठ झाले. मग वडिलांची मिळकत गेली, तीर्थयात्रा, पुराण सांगत गावोगाव फिरणं, आणि १८७४ पासूनच्या उपासमारीत आई, वडील, थोरली बहीण सगळे गेले. उरलेले दोघे, रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास, पायी देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं.

कलकत्त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांनी विचारलं वेद वाचलेत का, रमाबाई म्हणाल्या नाही, बायकांना तो अधिकार नाही. सेन यांनी वेदाची प्रतच हातात ठेवली. त्याच सुमाराला तिथल्या पंडितांनी सांगितलं की बायकांपुढे त्यांच्या धर्मावर, कर्तव्यांवर व्याख्यानं द्या, म्हणून त्या धर्मशास्त्रं मुळातून वाचायला बसल्या. आणि पुढे त्यांनी लिहून ठेवलंय की हे ग्रंथ बाकी सगळ्या बाबतीत एकमेकांशी भांडतात, पण दोन गोष्टींवर मात्र सगळ्यांचं एकमत, एक म्हणजे बायका, मग त्या वरच्या जातीच्या असोत की खालच्या, जातीनेच वाईट, राक्षसांहून वाईट, आणि दुसरं म्हणजे पुरुषासारखा मोक्ष त्यांना नाही. हे तेव्हा, जेव्हा बाप्तिस्म्याचा विचारही मनात नव्हता. वडिलांनी ज्या ग्रंथांचे दाखले देऊन बायकोला शिकवायचा हक्क मिळवला त्याच ग्रंथांत मुलीला हे सापडलं. मिशनऱ्यांनी डोकं फिरवलं असं म्हणणाऱ्यांना माझा एवढाच प्रश्न आहे, की हे वाचल्यावर विचार करणाऱ्या बाईचं डोकं फिरायला मिशनऱ्याची गरज होती का?

पुढचं थोडक्यात. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न, तेही जातीबाहेरचं आणि नोंदणी पद्धतीचं. १८८१ मध्ये मनोरमा झाली, १८८२ च्या फेब्रुवारीत नवरा पटकीने गेला. चोविसावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. पोर कडेवर घेऊन त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिली, आणि शिक्षणाची चौकशी करणाऱ्या सरकारी हंटर कमिशनपुढे साक्ष दिली की मुलींच्या शाळांना बाई शिक्षिका पाहिजेत, बायकांना बाई डॉक्टर पाहिजेत. त्या साक्षीतलं एक वाक्य असं की शंभरातले नव्याण्णव शिकलेले पुरुष स्त्रीशिक्षणाच्या विरुद्ध आहेत, बाईत मोहरीएवढा दोष दिसला की त्याचा डोंगर करतात आणि तिचं चारित्र्य धुळीला मिळवायला बघतात. १८८२ चं आहे हे. कट्ट्यावरचा तो अर्धा तास आठवून मला हे वाक्य परत परत वाचावंसं वाटलं.

आता काकांचा मुद्दा त्यांनी मांडला त्याहून जास्त ताकदीने मांडते, कारण तो हलका नाही. रमाबाई १८८३ मध्ये डॉक्टरी शिकायला इंग्लंडला गेल्या, वाँटेज गावच्या सिस्टरांच्या आश्रयाला राहिल्या, ऐकू कमी येत असल्याने डॉक्टरी राहिली ती राहिलीच. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ ला, रमाबाईंनी लेकीसकट बाप्तिस्मा घेतला. परका देश, पदरी दोन वर्षांची पोर, दुसऱ्यांच्या अन्नावर राहणं, मैत्रिणीचा असा मृत्यू. अशा वेळी घेतलेला निर्णय मोकळ्या मनाचा म्हणायचा का? प्रश्न रास्त आहे आणि तो उडवून लावणं म्हणजे रमाबाईंचं दुःखच नाकारणं आहे. मी सुद्धा याचं उत्तर शंभर टक्के 'हो' असं देणार नाही.

पण मग पुढे वाचा ना. बाप्तिस्म्याची तारीख सांगून गोष्ट संपवायची घाई कशाला? ज्यांच्या घरी जेवायचं त्यांच्याशीच या बाईने पुढची दोन-अडीच वर्षं भांडण काढलं. येशू देव आहे, ट्रिनिटी म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव आहे, हे चर्च म्हणतं म्हणून मी मान्य करायचं का, मला पटल्याशिवाय नाही करणार. गळ्यात घालायच्या क्रॉसवर लॅटिन अक्षरं होती, त्यावर त्यांचं म्हणणं की लॅटिन मला येत नाही, माझ्या देशालाही येत नाही, आमच्या जुन्या संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये असं काय जास्त पवित्र आहे, संस्कृत अक्षरं घाला. मांस खाणार नाही म्हणजे नाही, शाकाहारीच राहीन. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकवत होत्या, तिथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा विषय निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली की हिंदुस्थानी बाईने पुरुषांना शिकवणं शोभत नाही. रमाबाईंनी उत्तर दिलं की माझ्या आईने तरुण मुलांना शिकवलं, मी शिकवलं, माझ्या वडिलांनी की नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही, आणि आता इंग्रज माणसं घेतात याचं मला आश्चर्य वाटतं. आणि १८८५ मधल्या एका पत्रात वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलं की मला सदसद्विवेक आहे, बुद्धी आहे, माझं मला ठरवता येतं, मोठ्या कष्टाने मी हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जू मानेवरून उतरवलंय, आता पाद्री सांगतील ती देवाची आज्ञा असं समजून तसलंच दुसरं जू मी मानेवर घेणार नाही. हीच बाई कुणाच्या तरी नादी लागून बाटली असं आपण शंभर-सव्वाशे वर्षं सांगतोय.

मग ख्रिस्ती धर्मात त्यांना दिसलं तरी काय? त्यांनीच सांगितलंय. लंडनमधल्या फुलहॅमला या सिस्टरांचं 'वाट चुकलेल्या' बायकांसाठी घर होतं, ज्यांना दोन्ही देशांतला समाज पतित म्हणतो अशा बायकांना तिथे माणसासारखं सांभाळत होते, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं आणि विचारलं की तुम्ही हे का करता. उत्तर म्हणून येशू आणि शोमरोनी बाईची गोष्ट ऐकायला मिळाली. आता तुम्ही म्हणाल की हे भाबडं आहे, ख्रिस्ती देशांत बायकांचे काय हाल होते ते त्यांना दिसलं नाही का. दिसलं, पुढे त्यावरही येते. पण जी बाई धर्मशास्त्रांत 'बायकांना मोक्ष नाही' वाचून खचली होती ती दुसऱ्या धर्मात पहिलं काय शोधणार? ताईंना माझं सांगणं हेच आहे की धर्म बाजूला ठेवून स्त्रियांचं काम बघा म्हणता तेव्हा तुम्ही रमाबाईंना त्यांच्याच कारणापासून तोडता.

आणखी एक. नीलकंठशास्त्री गोरे काशीचे पंडित, १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले. बाबा पदमनजी झाले आणि त्यांनी विधवांच्या हालांवर 'यमुनापर्यटन' लिहिली, जिला आपण मराठीतली पहिली कादंबरी म्हणतो. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, त्यांच्या कविता आपण शाळेत पाठ केल्या, आणि 'स्मृतिचित्रे' तर घराघरात वाचतो, त्यातल्या लक्ष्मीबाईंवर जीव टाकतो. या पुरुषांच्या धर्मांतराला आपण काय शब्द वापरतो? तळमळ, शोध, आध्यात्मिक प्रवास. रमाबाईंच्या बाबतीत काय? फूस लावली, नादी लागली, पैशाला भुलली. पुरुषाने धर्म बदलला तर त्याने विचार केला आणि बाईने बदलला तर कुणीतरी तिला बदलवलं. यातला फरक धर्माचा आहे की बाईपणाचा? जोतीराव फुल्यांना हे तेव्हाच दिसलं होतं. ते स्वतः काही ख्रिस्ती झाले नाहीत, पण १८८५ मध्ये 'सत्सार' ही पुस्तिका काढून रमाबाईंची बाजू घेतली, त्यांना शास्त्रं वाचून स्वतः निर्णय घेणारी विदुषी मानलं. आणि बाबासाहेबांचं उदाहरण तर आपल्या सगळ्यांसमोर आहे, १९३५ मध्ये येवल्याला घोषणा, १९५६ मध्ये दीक्षा, मधली एकवीस वर्षं अभ्यास. जन्माने मिळालेला धर्म तपासून सोडणं हे बुद्धीचं काम असू शकतं हे त्यांच्या बाबतीत मान्य करणारे सुद्धा कितीतरी जण रमाबाईंचं नाव निघालं की गप्प होतात.

आता १८९३. खरा कस इथे आहे आणि रमाबाईंचे चाहते इथे पटकन पान उलटतात. अमेरिकेत दोन-अडीच वर्षं फिरून, व्याख्यानं देऊन त्यांनी पैसा उभा केला, बॉस्टनला रमाबाई असोसिएशन निघाली, आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांना राहून शिकता येईल असं शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. वचन असं होतं की इथे धर्माच्या बाबतीत ढवळाढवळ होणार नाही. सल्लागार मंडळावर न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर. मुलींचं सोवळंओवळं, स्वयंपाक वेगळा, सगळं सांभाळलं होतं. पण रमाबाई रोज प्रार्थना करायच्या तेव्हा खोलीचं दार उघडं असायचं, मुली येऊन बसायला लागल्या, 'केसरी'ने झोड उठवली, पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या आणि १८९३ च्या ऑगस्टमध्ये रानडे-भांडारकरांनी राजीनामे दिले. काकांनी हे सांगितलं असतं तर मला उत्तर द्यायला जड गेलं असतं. कारण रानडे-भांडारकर म्हणजे काही सनातनी नव्हेत, प्रार्थना समाजाची माणसं, लोकांच्या शिव्या खाऊन त्यांनी या बाईला साथ दिली होती. त्यांना विश्वासघात वाटला, तर तो वाटायला जागा होती.

आणि मला रमाबाईंचं इथे चुकलं असंच वाटतं. जिला माहेर नाही, सासर नाही, केस कापून कोपऱ्यात बसवलेलं होतं, तिला जी बाई जवळ घेते, जेवू घालते, शिकवते, ती बाई रोज उघड्या दाराने प्रार्थना करते. मी कुणाला बोलावलं नाही, कुणाला अडवलं नाही, हे रमाबाईंचं म्हणणं खरंच असेल. पण ओढ फक्त शब्दांनीच लागते का? वाँटेजला स्वतः दुसऱ्याच्या अन्नावर राहताना हे दडपण काय असतं ते त्यांनी भोगलं होतं, त्याच्याशी झगडून पत्रं लिहिली होती. मग आपल्या सदनातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या विधवेला ते झेपेल की नाही हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार होतं? दार लावून घ्यायला हवं होतं असं मी म्हणेन.

हे मान्य केलं की मग दुसऱ्या बाजूचाही हिशेब मागते. त्या वेळचं पुणं आठवा. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून लोकमान्य टिळक, रानडे अशा बड्या माणसांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा खटला आला, आणि खुद्द रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एक कप चहाचं हे, तर उघड्या दाराचं काय होणार. अशा गावात ज्या मुली सदनातून काढून नेल्या त्या गेल्या कुठे? जिथून आल्या होत्या तिथेच, त्याच माजघरात. या सगळ्या गदारोळात, पालक बोलले, संपादक बोलले, सल्लागार बोलले, रमाबाई बोलल्या, पण त्या मुलींना कुणी विचारलं का की बायांनो तुम्हाला इथे राहायचंय की जायचंय? धर्म वाचवला म्हणणाऱ्यांनी त्यांची पुस्तकं मात्र बंद केली. आक्षेप जर खरोखर प्रार्थनेपुरता होता तर दुसऱ्या दिवशी पुण्यात हिंदू वातावरणातलं दुसरं सदन उघडायला हवं होतं. ते कुणी उघडलं? टीका करणाऱ्यांतल्या कुणी नाही. धोंडो केशव कर्व्यांनी, १८९६ मध्ये. आणि कर्व्यांची बायको कोण? गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, शारदा सदनात दाखल झालेली पहिली विधवा. चार वर्षं सदनात राहिल्या, शिकल्या, ख्रिस्ती झाल्या नाहीत, १८९३ मध्ये कर्व्यांशी लग्न केलं, आणि त्याबद्दल मुरुडने, म्हणजे त्यांच्याच गावाने, कर्व्यांना वाळीत टाकलं. म्हणजे जे काम 'आमच्या धर्मात राहून' करायला पाहिजे होतं असं लोक म्हणत होते ते ज्यांनी केलं त्यांच्या घरातच शारदा सदनाची मुलगी होती. कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेचं मूळ शोधत गेलात तर मुंबईच्या चौपाटीवरच्या त्या सदनाशी पोचता.

रमाबाईंनी अमेरिकेत जाऊन आपल्या समाजाची लक्तरं चव्हाट्यावर मांडली, हाही नेहमीचा आरोप. १८८७ च्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात उच्च जातीच्या हिंदू स्त्रीचे बालपण, लग्न, वैधव्य यांचं वर्णन आहे, आणि ते पुस्तक निधी गोळा करायला लिहिलेलं असल्याने काळा रंग जरा जास्त आहे हे मला मान्य आहे. नाव सांगतं तसं ते फक्त वरच्या जातींच्या बायकांबद्दल आहे, शेतात राबणारी, पाट लावून दुसरं लग्न करू शकणारी बाई त्यात जवळजवळ नाहीच, हाही आक्षेप बरोबर. पण त्यात लिहिलेलं खोटं होतं का? त्याच वर्षी, १८८७ मध्ये, मुंबई हायकोर्टाने रखमाबाईंना सांगितलं होतं की नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रमाबाईंनी तो खटला पुस्तकात घातला. आणि दादाभाई नौरोजी इंग्लंडात बसून हिंदुस्थानच्या दारिद्र्याचे आकडे तिथल्या लोकांपुढे मांडत होते तेव्हा ते देशकार्य होतं ना? परक्यापुढे गाऱ्हाणं मांडलं म्हणून त्यांना कुणी फितूर म्हटलं नाही. शिवाय परत आल्यावर रमाबाईंनी १८८९ मध्ये मराठीत अमेरिकेवर पुस्तक लिहिलं, त्यात तिथल्या बायकांच्या संघटनांचं कौतुक आहे तसं बायकांना पुरुषांपेक्षा कमी मजुरी मिळते हेही आहे, काळ्या लोकांशी आणि तिथल्या मूळ रहिवाशांशी गोरे कसे वागले हेही आहे. अमेरिकनांना आपलं सांगितलं आणि आपल्याला अमेरिकनांचं सांगितलं. चव्हाट्यावर मांडायचं तर दोन्हीकडचं मांडलं.

इंग्रजांची हस्तक होत्या म्हणणाऱ्यांसाठी १८९७ चं एक प्रकरण. पुण्यात प्लेग, सरकारी दवाखाने, सोजिरांची तपासणी. सदनातल्या एका मुलीच्या निमित्ताने सरकारी प्लेग हॉस्पिटलात बायकांची काय अवस्था होते यावर रमाबाईंनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. सरकारने आरोप फेटाळले, त्यांच्यावर नाराजी ओढवली, त्या मागे हटल्या नाहीत. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिलं हेही खरं आहे, लपवायचं कारण नाही. पण पदकाचं सांगायचं आणि पत्राचं नाही, असं चालणार नाही.

स्त्रीवादी मंडळींकडूनही एक तक्रार येते, की 'स्त्रीधर्मनीति' फारच उपदेशी आहे, बायकांनाच आळशी, अडाणी म्हणून दटावते. त्याच १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुषतुलना' आली, त्यात ताराबाईंनी पुरुषांना उभंआडवं धारेवर धरलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर रमाबाई मवाळ वाटतात, अगदी वाटतात. पण ते पुस्तक नुकत्याच विधवा झालेल्या, पुण्यात नव्या आलेल्या तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीचं आहे आणि त्याच्या विक्रीतून तिने इंग्लंडच्या प्रवासाचे पैसे उभे केले. पाच वर्षांनी इंग्रजीत लिहिताना तीच बाई मनुस्मृती उघडून बसते आणि दोष कुणाचा ते नावानिशी सांगते. माणसाचा विचार बदलत जातो, आणि पाच वर्षांत इतका बदलला तर मधल्या पाच वर्षांत काय झालं ते विचारायला नको का? मधे वाँटेजची पत्रं आहेत.

आणि केडगाव. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, ज्या दुष्काळाने त्यांची आई खाल्ली होती तसाच दुष्काळ, आणि तिथून तीनेकशे मुली-बायका घेऊन आल्या. दौंडजवळ केडगावला जमीन होती तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इथे आता उच्च जातीचा प्रश्नच उरला नाही, उपाशी पोर कुठल्या जातीची हे कोण बघणार. शेती, दुभती जनावरं, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल. मुक्ती उघडउघड ख्रिस्ती संस्था होती, शारदा सदनासारखं कुठलंही वचन तिथे दिलेलं नव्हतं, पण दुष्काळातून उचलून आणलेल्या लहान मुलीने धर्म 'निवडला' असं म्हणता येईल का, हा प्रश्न तिथेही आहेच आणि माझ्याकडे त्याचं समाधान करणारं उत्तर नाही. त्याच्या शेजारी मी एवढंच ठेवते की त्या मुलींपुढे त्या वेळी दुसरा पर्याय ठेवणारे फार थोडे होते, आणि धर्म वाचवायला निघालेले बहुतेक जण त्यांना घ्यायला गेले नाहीत.

शेवटची अठरा-एक वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, मुळावरून. तेव्हा चालू असलेलं मराठी बायबल संस्कृताळलेलं, पंडितांना कळेल असं, आणि यांना पाहिजे होतं केडगावच्या मुलींना वाचता येईल असं सोपं मराठी. मला स्वतःला बायबलचं विशेष काही नाही, पण ही गोष्ट मी सोडू शकत नाही. जिच्या आईला संस्कृत शिकवलं म्हणून बापाला उडुपीला जाब द्यावा लागला, त्या बाईने पंचेचाळिशी ओलांडल्यावर ठरवलं की धर्मग्रंथ समजायला बायकांना मधला माणूस लागताच कामा नये, शास्त्री नको तसा पाद्रीही नको. १९२१ मध्ये मनोरमा गेली, लेक गेल्यावरही काम चालूच, शेवटची प्रुफं तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. ते बायबल केडगावच्या छापखान्यात छापलं गेलं, खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच बायका.

वाँटेजची ती पत्रं १९७७ मध्ये छापली गेली, आणि ती छापली आपल्या महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने. इंग्रजीत आहेत. १८८५ चं जू वालं पत्र आणि लॅटिन क्रॉसवालं पत्र मी मराठीत करायला घेतलंय, ते काकांना देणार आहे. ताईंना १८९३ च्या राजीनाम्यांचा भाग काढून ठेवलाय. दोघांनी वाचलं की पुढच्या महिन्यात कार्यक्रम परत सुचवणार, भाषण कुणाचंच नको, आधी पत्रं मोठ्याने वाचायची आणि मग ज्याला भांडायचंय त्याने भांडावं.